हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ

हेर्मान लुडविग फेर्डिनांड फॉन हेल्महोल्ट्झ (३१ ऑगस्ट १८२१, पॉट्सडॅम – ८ सप्टेंबर १८९४, शार्लोटेनबुर्ग) हे जर्मन वैद्य, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाची गणिती मांडणी, चेतातंतूंतून जाणाऱ्या संदेशाच्या वेगाचे मापन आणि डोळ्याच्या आतील भाग पाहण्यासाठी तयार केलेले ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण यांसाठी ते ओळखले जातात. मानसशास्त्राच्या इतिहासात त्यांचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. माणसाला दिसते म्हणजे नेमके काय घडते, हा तत्त्वज्ञानाचा मानला जाणारा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत आणला. ज्ञानेंद्रियांकडून मिळणारा कच्चा बोध (वेदन) आणि त्याला मन देत असलेला अर्थ (संवेदन) यांतील अंतर त्यांनी दाखवून दिले. नजर एकीकडे असताना लक्ष (अवधान) दुसरीकडे असू शकते, हेही त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले.

बालपण आणि शिक्षण

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म प्रशियातील पॉट्सडॅम येथे झाला. त्यांचे वडील फेर्डिनांड हे तेथील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. भाषा, साहित्य आणि तत्त्वज्ञान हे त्यांच्या आवडीचे विषय. तत्त्वज्ञ योहान गोटलीब फिख्टे यांचे पुत्र इमानुएल हेर्मान फिख्टे हे त्यांचे निकटचे मित्र होते. घरात तत्त्वचर्चा नित्याची होती. लहानपणी हेर्मान यांची प्रकृती नाजूक होती आणि सुटे शब्द किंवा विसंगत माहिती पाठ करणे त्यांना जड जाई. लाकडी ठोकळ्यांशी खेळताना मात्र भूमितीतील अनेक गोष्टी त्यांना शाळेत शिकण्यापूर्वीच उमगल्या होत्या. वर्गात लॅटिन ग्रंथांचे वाचन चालू असताना आपण बाकाखाली दुर्बिणीतील प्रकाशकिरणांचे गणित सोडवत असू, अशी आठवण त्यांनी उतारवयात सांगितली आहे.

त्यांना भौतिकशास्त्र शिकायचे होते. परंतु शिक्षकाच्या पगारात विद्यापीठाचा खर्च भागणे शक्य नव्हते. सैन्यात वैद्य म्हणून आठ वर्षे नोकरी करण्याच्या अटीवर बर्लिनच्या फ्रीडरिख विल्हेल्म वैद्यकीय संस्थेत मोफत शिक्षण मिळत असे. ती अट मान्य करून १८३८ मध्ये ते बर्लिनला गेले. तेथे त्यांना योहानेस म्यूलर हे थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. एमिल द्यु ब्वा-रेमों आणि एर्न्स्ट ब्र्यूके हे म्यूलर यांचे शिष्य त्यांचे आयुष्यभराचे मित्र झाले. सजीवांचे व्यापार एखाद्या गूढ जीवनशक्तीने चालत नसून भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या नियमांनीच चालतात, अशी या तरुणांची धारणा होती. १८४२ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी अपृष्ठवंशी प्राण्यांच्या चेतासंस्थेवर प्रबंध लिहून वैद्यकाची पदवी मिळवली.

लष्करी सेवा आणि ऊर्जेचा नियम

१८४३ पासून ते पॉट्सडॅम येथील पलटणीत वैद्य होते. फावल्या वेळात त्यांनी स्नायूंच्या हालचालीत निर्माण होणाऱ्या उष्णतेवर प्रयोग केले. त्यांतूनच ऊर्जेच्या अक्षय्यतेसंबंधीचा त्यांचा निबंध तयार झाला. २३ जुलै १८४७ रोजी बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे त्यांनी तो वाचला. भौतिकशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकाने तो स्वीकारला नाही, तेव्हा त्यांनी तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. यूलियस रॉबर्ट मायर आणि जेम्स जूल यांनी ही कल्पना त्यापूर्वी मांडली होती. तिला सर्व भौतिक घटनांना लागू पडेल असे गणिती रूप देण्याचे श्रेय हेल्महोल्ट्झ यांना दिले जाते.

आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या मध्यस्थीने १८४८ मध्ये त्यांची लष्करी सेवेतून मुदतीपूर्वी सुटका झाली. वर्षभर बर्लिनच्या कला अकादमीत शरीररचनाशास्त्र शिकवल्यानंतर १८४९ मध्ये क्योनिग्सबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राड) येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

चेतासंदेशाचा वेग

चेतातंतूंतील संदेशाचा वेग इतका प्रचंड असावा की तो मोजता येणार नाही, असा त्या काळी समज होता. खुद्द म्यूलर यांचे मतही तसेच होते. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला चेतातंतू घेतला. तंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा दूर अंतरावर विजेचा सूक्ष्म धक्का देऊन स्नायू आकुंचन पावण्यास लागणारा वेळ त्यांनी मोजला. दोन्ही वेळांतील फरकावरून संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. तो ध्वनीच्या वेगाहूनही कितीतरी कमी होता. १८५० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाने एक जुनी समजूत ढासळली. इच्छा आणि कृती, स्पर्श आणि त्याची जाणीव यांमध्ये मोजता येण्याजोगा काळ जातो, असे त्यातून ठरले. वडिलांना हे सहजासहजी पटले नाही. विचार आणि त्याची शारीरिक अभिव्यक्ती एकाच क्षणी घडते, अशी त्यांची श्रद्धा होती. ती त्यांनी मुलाला पत्राने कळवली. मनाच्या व्यापारांना लागणारा वेळ मोजण्याची जी पद्धत पुढे मानसशास्त्रात रूढ झाली, तिचा पाया मात्र याच मापनाने घातला गेला.

ऑफ्थॅल्मोस्कोप

जिवंत माणसाच्या डोळ्याची बाहुली नेहमी काळीच का दिसते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी करताना हेल्महोल्ट्झ यांच्यापुढे उभा राहिला. बाहुलीतून आत गेलेला प्रकाश ज्या मार्गाने येतो त्याच मार्गाने परततो. तो पाहायचा तर पाहणाऱ्याला आपला डोळा त्या मार्गावर ठेवावा लागतो. पण तसे करताना त्याचेच डोके प्रकाश अडवते. हेल्महोल्ट्झ यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. दिव्याचा प्रकाश त्यांवरून परावर्तित होऊन रुग्णाच्या डोळ्यात जाई आणि परतणाऱ्या प्रकाशाचा काही भाग त्याच काचांतून आरपार येऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचे. जोडीला एक अंतर्गोल भिंग ठेवताच दृष्टिपटल (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडदा) आणि त्यावरील रक्तवाहिन्या स्पष्ट दिसू लागल्या. डिसेंबर १८५० मध्ये त्यांनी हा शोध वडिलांना पत्राने कळवला आणि १८५१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी हे उपकरण तत्काळ स्वीकारले आणि अल्पावधीत नेत्रवैद्यकाचे स्वरूप पालटले. नव्या उपकरणाबरोबर एक नवी अडचणही आली. काचबिंदूच्या रुग्णांत दृष्टिचेतेच्या मुखाशी खळगा पडलेला असतो. आरंभीच्या निरीक्षकांना, अगदी ग्रेफे यांनाही, तो खळगा न वाटता फुगवटा वाटला. थोड्याच काळात ही चूक सुधारली गेली. डोळ्यापुढे स्पष्ट प्रतिमा असूनही तिचा अर्थ लावायला शिकावे लागते, याचे हे बोलके उदाहरण होते. आणि पुढील काळात हाच हेल्महोल्ट्झ यांच्या संशोधनाचा मुख्य विषय झाला.

शरीरक्रियात्मक प्रकाशकी

ओल्गा यांना क्षयाची बाधा होती आणि क्योनिग्सबर्गचे थंड हवामान त्यांना मानवत नव्हते. १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झ सौम्य हवामानाच्या बॉन येथे गेले आणि १८५८ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात रुजू झाले. १८५९ मध्ये प्रथम वडिलांचे आणि वर्षाच्या अखेरीस ओल्गा यांचे निधन झाले. पदरात दोन लहान मुले होती. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी दुसरा विवाह केला. या विवाहापासून त्यांना तीन अपत्ये झाली.

शरीरक्रियात्मक प्रकाशकीवरील त्यांचा बृहद्ग्रंथ याच धामधुमीच्या वर्षांत लिहिला गेला. त्याचे भाग १८५६ पासून क्रमाने निघत गेले आणि १८६७ मध्ये तो संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात डोळ्याची प्रकाशीय रचना, दुसऱ्यात दृष्टीची वेदने आणि तिसऱ्यात संवेदने अशी त्याची मांडणी आहे. दरम्यान १८६३ मध्ये ध्वनी आणि संगीत यांच्या श्रवणासंबंधीचा त्यांचा तितकाच प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला.

जवळची वस्तू पाहताना डोळ्यात काय बदलते, हा जुना वाद होता. डोळ्याच्या पृष्ठभागांवरील परावर्तित प्रतिमा मोजणारे एक उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी तयार केले आणि जवळ पाहताना डोळ्यातील भिंग अधिक फुगीर होते, हे दाखवून दिले. भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावला की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग आपल्या लवचिकपणामुळे गोलाकार होते, हे त्यांचे स्पष्टीकरण आजही मुख्यतः ग्राह्य मानले जाते.

रंगांच्या बाबतीत त्यांनी एक मोठा गोंधळ दूर केला. पिवळा आणि निळा रंग कालवले की हिरवा होतो, हा चित्रकारांचा अनुभव. परंतु पिवळा आणि निळा प्रकाश एकत्र केला तर पांढरा प्रकाश मिळू शकतो. रंगद्रव्ये प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात, म्हणून त्यांच्या मिश्रणाचा नियम प्रकाशाच्या मिश्रणाहून निराळा असतो, हे त्यांनी १८५२ मध्ये स्पष्ट केले. थॉमस यंग यांनी शतकाच्या आरंभी सुचवलेली तीन मूलभूत रंगवेदनांची कल्पना त्यांनी प्रथम नाकारली होती; पुढे स्वतःचे मत बदलून त्यांनी तिचा पुरस्कार केला. ती आज यंग-हेल्महोल्ट्झ सिद्धान्त म्हणून ओळखली जाते.

डोळ्याचा इतका सूक्ष्म अभ्यास केल्यावर त्यांना त्याच्या उणिवा जाणवल्या. दृष्टिपटलाचा फक्त मध्यभागच बारकावे टिपतो. चेता बाहेर पडते त्या जागी काहीच दिसत नाही. रक्तवाहिन्यांच्या सावल्या पडद्यावर सतत पडलेल्या असतात. कोणा कारागिराने असे सदोष उपकरण विकले असते तर आपण ते परत केले असते, अशा आशयाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. तरीही माणसाला जग अखंड, स्थिर आणि सुस्पष्ट दिसते. ही भर कोठून पडते, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता.

अबोध अनुमान

या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांना बालपणीचा एक प्रसंग उपयोगी पडला. पॉट्सडॅममधील एका चर्चजवळून आईबरोबर जाताना त्यांना मनोऱ्याच्या सज्जात माणसे दिसली. त्या बाहुल्या आहेत असे समजून त्यांनी आईला त्या काढून देण्यास सांगितले. हात उंचावला की आई तेथवर पोहोचेल, असे त्यांना वाटले होते. दूरची वस्तू लहान दिसते, ती लहान नसते, हे ज्ञान त्या वयात अजून पक्के झाले नव्हते. मोठ्या माणसाला हे ज्ञान मुद्दाम आठवावे लागत नाही. ते त्याच्या पाहण्यातच मिसळून गेलेले असते.

हेल्महोल्ट्झ यांच्या मते वेदने ही बाह्य वस्तूंची चित्रे नसून केवळ चिन्हे असतात. अक्षरे वाचताना जसा अर्थ मनात उमटतो, तसा या चिन्हांचा अर्थ मन पूर्वानुभवाच्या आधारे लावते. अशी वेदने एरवी ज्या वस्तूमुळे निर्माण होतात, तीच वस्तू समोर आहे असे मन धरून चालते. हे एक प्रकारचे अनुमानच होय. फक्त ते जाणिवेच्या पातळीवर घडत नाही आणि इच्छेने थांबवताही येत नाही. या प्रक्रियेला त्यांनी अबोध अनुमान असे नाव दिले. या विचाराची रूपरेषा त्यांनी १८५५ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे इमानुएल कांट यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानात मांडली होती.

त्यांनी दिलेले एक उदाहरण कोणालाही पडताळून पाहता येते. डोळा मिटून त्याच्या कानाकडील कोपऱ्यावर बोटाने हलके दाबले असता प्रकाशाचा ठिपका नाकाच्या बाजूला दिसतो. दृष्टिपटलाच्या कानाकडील भागावर एरवी नाकाच्या बाजूने येणारा प्रकाशच पडत असतो. म्हणून तो भाग दाबाने उत्तेजित झाला तरी मन नेहमीचाच अर्थ लावते. आपण बोटानेच दाबत आहोत हे माहीत असूनही ठिपका जागा बदलत नाही. पृथ्वी फिरते हे ठाऊक असूनही सूर्य मावळतानाच दिसतो, त्यातलाच हा प्रकार. दोरीच्या जागी साप भासणे हे भारतीय वाचकाच्या परिचयाचे उदाहरण आहे. हेल्महोल्ट्झ यांच्या विचारानुसार साप भासण्यामागे जी प्रक्रिया असते, तीच दोरी दोरी म्हणून दिसण्यामागेही असते. भ्रमात ती केवळ उघडी पडते.

हे अर्थ शिकलेले असतात, याला त्यांनी प्रयोगाचा आधार दिला. दृश्य एका बाजूला सरकवणाऱ्या लोलकांचा चष्मा घालून वस्तूला हात लावू गेल्यास हात प्रथम चुकतो. हालचाल करून आणि आपला हात पाहून थोड्याच वेळात चूक नाहीशी होते. चष्मा काढल्यावर हात काही काळ विरुद्ध बाजूला चुकतो. दृष्टी आणि हालचाल यांचा मेळ अनुभवाने बसतो आणि अनुभवाने बदलतो, असा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला.

अवधानाचा प्रयोग

दृष्टीच्या क्षेत्रात एकाच वेळी अनेक गोष्टी असतात. त्यांपैकी कोणती जाणिवेत शिरेल हे कशावर ठरते? हेल्महोल्ट्झ यांनी यासाठी काळोख्या पेटीची योजना केली. आत अक्षरे लिहिलेला पृष्ठभाग होता आणि नजर खिळवण्यासाठी सुईच्या छिद्रातून येणारा एक प्रकाशबिंदू होता. विजेच्या ठिणगीने पेटी क्षणमात्र उजळे. तो क्षण इतका अल्प असे की तेवढ्यात डोळा हलणे अशक्य होते.

ठिणगी पडण्यापूर्वी त्यांनी नजर बिंदूवरच ठेवून मनाने अंधारातील दुसऱ्या एखाद्या भागाकडे लक्ष लावले. उजेड पडताच त्या भागातील अक्षरे त्यांना ओळखता आली. इतर भागांतील अक्षरे मात्र ओळखता आली नाहीत. डोळे स्थिर होते आणि कोणत्या भागाची अक्षरे ओळखता येतील हे केवळ आधी लावलेल्या लक्षावर ठरत होते. यावरून अवधान हे डोळ्यांच्या हालचालीहून स्वतंत्र असून ते इच्छेने वळवता येते, असे त्यांनी दाखवले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १८९४ मध्ये लिहिलेल्या निबंधातही त्यांनी या निरीक्षणाचा पुन्हा ऊहापोह केला. दृष्टी वळवल्याविना लक्ष वळवण्याच्या या क्षमतेला आजच्या मानसशास्त्रात प्रच्छन्न अवधान म्हणता येईल.

हेरिंग यांच्याशी वाद

हेल्महोल्ट्झ यांच्या मतांना प्रखर विरोध केला तो एव्हाल्ड हेरिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. अवकाशाची जाण अनुभवाने येत नसून ती ज्ञानेंद्रियांच्या रचनेतच जन्मतः असते, असे हेरिंग यांचे प्रतिपादन होते. रंगांविषयीही त्यांनी तांबडा-हिरवा आणि पिवळा-निळा अशा परस्परविरोधी जोड्यांचा सिद्धान्त मांडला. शेजारच्या रंगामुळे एखादा करडा ठिपका वेगळ्या छटेचा दिसतो, हा हेल्महोल्ट्झ यांच्या मते निर्णयातील दोष होता. हेरिंग यांच्या मते तो डोळ्याच्या आणि चेतासंस्थेच्या क्रियेचा परिणाम होता. हा वाद त्यांच्या शिष्यांनी पुढे अनेक वर्षे चालू ठेवला.

विसाव्या शतकातील संशोधनाने दोघांनाही अंशतः न्याय दिला. दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, हे १९६० च्या दशकात प्रत्यक्ष मापनाने दिसून आले. त्यांच्याकडून येणाऱ्या संदेशांवर पुढे विरोधी जोड्यांच्या स्वरूपात प्रक्रिया होते, हेही आढळले. रंगविरोधाच्या बाबतीत हेरिंग यांचे स्पष्टीकरण सत्याच्या अधिक जवळचे ठरले. अर्भकांवरील प्रयोगांवरून संवेदनाच्या काही क्षमता जन्मतः किंवा फार लवकर उपलब्ध असतात असे दिसले; त्यामुळे सारे काही अनुभवातूनच येते हे मत जसेच्या तसे टिकले नाही.

अबोध अनुमान या संज्ञेवरही आक्षेप आले. अनुमान म्हणजे जाणीवपूर्वक केलेला विचार. तो अबोध कसा असेल, असा प्रश्न विचारला गेला. शोपेनहाउअर यांच्या तत्त्वज्ञानाशी गल्लत होऊ नये म्हणून हेल्महोल्ट्झ यांनी काही काळ ही संज्ञा वापरणे टाळले, तसे त्यांनी १८७८ मधील बर्लिन विद्यापीठातील भाषणात सांगितले. मूळ कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही.

बर्लिन आणि अखेरची वर्षे

१८७१ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. परिस्थितीमुळे तरुणपणी दुरावलेला विषय वयाच्या पन्नाशीत त्यांच्याकडे आला. विद्युत्चुंबकीय तरंग प्रत्यक्ष निर्माण करणारे हाइनरिख हेर्ट्झ हे येथील त्यांचे शिष्य होत. प्रायोगिक मानसशास्त्राचे प्रवर्तक विल्हेल्म वुंट यांनी त्यापूर्वी हायडेलबर्ग येथे त्यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. जर्मन सम्राटाने त्यांना सरदारकी बहाल केली. त्यांच्या नावातील फॉन हा शब्द तेव्हापासूनचा आहे. १८८७ मध्ये शार्लोटेनबुर्ग येथे स्थापन झालेल्या शासकीय भौतिकी-तंत्रविज्ञान संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

१८९३ मध्ये ते शिकागो येथील विद्युत् परिषदेसाठी अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात जहाजाच्या जिन्यावरून पडून त्यांना दुखापत झाली. जुलै १८९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रभाव

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्तनवादाच्या जोरामुळे अबोध अनुमानाची कल्पना मागे पडली. उत्तरार्धात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी संवेदने ही मेंदूने बांधलेली गृहीतके आहेत असे मांडून तिला नवे रूप दिले. अमेरिकेतील मायकेल पोस्नर यांनी १९८० च्या सुमारास नजर न हलवता लक्ष वळवण्याचे मापन प्रतिक्रियेस लागणाऱ्या वेळावरून केले. त्यांच्या पद्धतीत हेल्महोल्ट्झ यांची दोन कामे, चेतावेगाचे मापन आणि काळोखी पेटी, एकत्र आलेली दिसतात. मेंदू सतत अंदाज बांधतो आणि ज्ञानेंद्रियांच्या संदेशांशी तो ताडून पाहतो, असे मानणारे आजचे सिद्धान्तही आपले मूळ हेल्महोल्ट्झ यांच्यापर्यंत नेतात. १९९५ मध्ये मांडण्यात आलेल्या, स्वतः शिकणाऱ्या एका संगणकीय जाळ्याला हेल्महोल्ट्झ यंत्र असेच नाव देण्यात आले.

बर्लिन येथील हुम्बोल्ट विद्यापीठासमोर त्यांचा पुतळा आहे. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिलेले असून जर्मनीतील संशोधन संस्थांचा एक मोठा संघही त्यांच्या नावाने ओळखला जातो. ऑफ्थॅल्मोस्कोपच्या सुधारित आवृत्त्या आजही नेत्रतपासणीत नित्य वापरात आहेत.